जागतिक धोरणप्रश्नांना नैतिकतेने भिडणारे अधिकारी कसे घडवावेत : नाशिकच्या अभ्यासगटांसाठी एक कार्यपद्धती

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. आंतरराष्ट्रीय संबंध, व्यापार आणि पर्यावरण हे विषय मात्र सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत येतात. त्यामुळे उमेदवाराच्या एका वहीत पॅरिस करार आणि जागतिक व्यापार संघटना असते, तर दुसऱ्या वहीत सचोटी, सहानुभूती आणि वस्तुनिष्ठता यांच्या व्याख्या असतात, आणि या दोन वह्या वर्षभर एकमेकींच्या जवळही येत नाहीत. प्रत्यक्ष सेवेत हे विषय असे वेगळे राहत नाहीत. दूरच्या देशातील तुटवडा, युरोपातील नियम किंवा बदललेला पाऊस अधिकाऱ्याच्या टेबलावर एका साध्या नस्तीच्या रूपाने येतो, आणि त्या नस्तीवर त्याला कोणाचा भार वाढवायचा व कोणाचा कमी करायचा हे लिहावे लागते. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्याने ही तयारी आता राज्यसेवेच्या उमेदवारांनाही टाळता येणार नाही.

पुढील पद्धत अभ्यासिका चालवणारे मार्गदर्शक, महाविद्यालयातील स्पर्धा परीक्षा केंद्रांचे प्राध्यापक आणि स्वतःचा गट उभारणारे उमेदवार यांच्यासाठी आहे. तिला मोठा खर्च लागत नाही. सहा ते आठ जणांचा गट, आठवड्यातील एक निश्चित दिवस आणि मूळ कागद वाचण्याची तयारी एवढे असले की सुरुवात करता येते.

पहिली पायरी : जिल्ह्यात आणि जगात दोन्हीकडे पाय असलेला विषय निवडावा

‘जागतिक तापमानवाढ’ यासारखा अफाट विषय घेऊन चर्चा सुरू केली तर ती भाषणांवर संपते. त्याऐवजी जो विषय जिल्ह्यात डोळ्यांनी पाहता येतो आणि ज्याचा निर्णय अंशतः दिल्लीत, जिनिव्हात किंवा ब्रुसेल्समध्ये होतो, असा विषय घ्यावा. नाशिकला अशा विषयांची वाण नाही. कांद्याची निर्यात आहे, द्राक्षांतील कीडनाशकांचे अंश आहेत, गोदावरीचे पाणी आहे. सातपूर आणि अंबड येथील कारखानदारीच्या निमित्ताने युरोपीय संघाच्या कार्बन सीमा शुल्काचाही, म्हणजे आयात मालाच्या निर्मितीत झालेल्या कार्बन उत्सर्जनावरील आकाराचाही, अभ्यास करता येतो. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांना लागू असलेली ही व्यवस्था ऑक्टोबर २०२३ मध्ये केवळ माहिती नोंदवण्यापासून सुरू झाली आणि जानेवारी २०२६ पासून तिचा आर्थिक टप्पा लागू झाला. १९९२ च्या हवामान करारात मान्य झालेले ‘समान पण भिन्न जबाबदारी’ (जबाबदारी सर्व देशांची, पण विकसित देशांवर जास्त) हे तत्त्व आणि हे शुल्क यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न एका बैठकीला पुरून उरतो.

एका विषयाला किमान तीन आठवडे द्यावेत. दर आठवड्याला नवा विषय घेतल्याने चालू घडामोडींची वही जाड होते, पण विचार करण्याची सवय लागत नाही.

दुसरी पायरी : मूळ कागद वाचावा

वर्तमानपत्रातील बातमीवर मत बनवण्यापूर्वी अधिसूचना, करारातील कलम, कायदा किंवा न्यायालयाचा आदेश यांपैकी जे मूळ असेल ते गटातील प्रत्येकाने वाचलेले असावे. नंतर फळ्यावर तीन रकाने आखून वस्तुस्थिती, दावा आणि अंदाज वेगळे लिहावेत. ‘निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ रोजी लागू झाली’ ही वस्तुस्थिती आहे, ‘बंदीमुळे ग्राहकाला दिलासा मिळाला’ हा दावा आहे, आणि ‘बंदी नसती तर भाव अमुक झाला असता’ हा अंदाज आहे. आपला आवडता युक्तिवाद बहुधा तिसऱ्या रकान्यात जातो, हे उमेदवारांना पहिल्याच बैठकीत कळते, आणि वस्तुनिष्ठतेची व्याख्या पाठ करण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. अशा ग्रंथालयात बसून जुने अंक आणि अहवाल चाळण्याची सवयही या पायरीत लावून घ्यावी.

तिसरी पायरी : ज्यांच्यावर निर्णय पडतो त्यांना भेटावे

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत लिलावाची एक सकाळ गटाने पाहावी. शेतकरी, व्यापारी, हमाल आणि वाहतूकदार यांच्याशी बोलावे. शहरात परत आल्यावर खानावळ चालवणाऱ्या बाईंशी आणि रोजंदारीवर घर चालवणाऱ्या कुटुंबाशीही बोलावे, कारण कांद्याचा भाव वाढला की त्यांचे काय होते हे शेतकऱ्याच्या व्यथेइतकेच खरे आहे. या भेटींचे काही नियम आधी ठरवावेत. आपण विद्यार्थी आहोत आणि कोणताही प्रश्न सोडवून देऊ शकत नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. संमतीशिवाय छायाचित्र घेऊ नये, नाव लिहू नये, आणि लिलावाच्या ऐन गर्दीत कोणाचे काम अडवू नये. ज्याच्याकडून आपण शिकतो त्याच्या वेळेचा मान राखणे हाही याच शिक्षणाचा भाग आहे.

चौथी पायरी : मूल्यांचा संघर्ष उलगडावा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून ती कांद्याच्या उदाहरणाने सविस्तर मांडतो.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये निर्यात बंद केली. मधल्या काळात बांगलादेश, श्रीलंका, भूतान, संयुक्त अरब अमिराती यांसारख्या देशांना नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेडमार्फत ठरावीक प्रमाणात कांदा देण्यास परवानगी मिळाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले.

या घटनाक्रमावर गटाने चार प्रश्न विचारावेत. निर्णयाचा लाभ कोणाला झाला? भार कोणावर पडला? निर्णयापूर्वी कोणाचे म्हणणे ऐकले गेले? आणि ज्याचे नुकसान झाले त्याला ते भरून काढता येण्यासारखे होते का? चौथा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, त्यामुळे तो साठवणाऱ्या शेतकऱ्याला वाट पाहण्याची थोडी संधी असते. खरिपाचा लाल कांदा फार टिकत नाही, आणि डिसेंबरात बाजारात येणारा कांदा प्रामुख्याने तोच असतो. एकच बंदी दोन हंगामांतल्या शेतकऱ्यांवर वेगळा भार टाकते, हे लक्षात आले की ‘शेतकरी विरुद्ध ग्राहक’ ही सोपी मांडणी उमेदवाराला पुरेनाशी होते.

त्यानंतर सीमेपलीकडचा माणूस चर्चेत आणावा. ढाक्यातील मजूर कुटुंबालाही कांदा लागतो, आणि आपल्या अधिसूचनेने त्याचा भाव हलतो. जागतिक व्यापार संघटनेच्या मूळ करारात अन्नधान्याच्या गंभीर टंचाईत तात्पुरते निर्यातनिर्बंध घालण्याची मुभा आहे. मात्र कृषी कराराच्या बाराव्या कलमानुसार असे निर्बंध घालणाऱ्या देशाने आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि पूर्वसूचना द्यावी, अशी अपेक्षा आहे. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या विशिष्ट अन्नपदार्थाचा निव्वळ निर्यातदार असलेल्या देशाला ती मिळत नाही. आपल्या नागरिकांप्रति असलेले कर्तव्य आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या शेजाऱ्याप्रति असलेले कर्तव्य यांची तुलना कशी करावी, यावर गटात मतभेद होतील आणि ते व्हावेत. मार्गदर्शकाने येथे निकाल देऊ नये. प्रत्येकाने आपले कारण पूर्ण वाक्यात सांगितले आहे की नाही, एवढेच पाहावे.

द्राक्षांचा विषय असाच उलगडतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांना युरोपात मोठा फटका बसला. निर्यातीच्या बागेची नोंदणी होते आणि मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. मग नाशिककर जे द्राक्ष घरी नेतो त्याची तपासणी तितक्याच काटेकोरपणे व्हावी का, आणि तिचा खर्च कोणी करावा? नियम आपल्याकडेही आहेत. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे. प्रश्न अंमलबजावणीच्या प्राधान्याचा आहे, आणि प्राधान्य ठरवणे ही नैतिक कृती आहे.

पाचवी पायरी : विरुद्ध बाजूने बोलायला लावावे

यासाठी गोदावरी घ्यावी. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी पुढे मराठवाड्यातील जायकवाडी धरणात पोहोचते, आणि वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचे यावर दर टंचाईच्या वर्षी वाद होतो. राज्याचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ मध्ये आला. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे, हे समन्यायी वाटपाचे सूत्र प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने प्रत्यक्षात आले. नाशिकच्या मुलीने मराठवाड्याची बाजू मांडावी आणि बीड किंवा परभणीहून शिकायला आलेल्या मुलाने नाशिकच्या द्राक्षबागांची. प्रतिपक्षाला ‘हो, हेच माझे म्हणणे आहे’ असे वाटेपर्यंत मांडणी सुधारावी. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा १९९७ चा करार वाचावा. न्याय्य व वाजवी वापर आणि इतरांना लक्षणीय हानी न पोहोचवणे ही त्यातील दोन तत्त्वे आहेत. भारत या कराराचा सदस्य नाही. ब्रह्मपुत्रेच्या प्रश्नात आपण चीनच्या खालच्या अंगाचे आहोत आणि गंगेच्या प्रश्नात बांगलादेशाच्या वरचे. दोन्हीकडे एकच तत्त्व लावण्याची तयारी आहे का, असे उमेदवाराला विचारावे.

सहावी पायरी : अधिकाराची मर्यादा शिकवावी

उत्साही उमेदवार केस स्टडीत जिल्हाधिकाऱ्याकडून निर्यातबंदी उठवून घेतो. संविधानाच्या ५१ व्या अनुच्छेदात आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर जोपासण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि २५३ व्या अनुच्छेदाने करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. जिल्ह्यातील अधिकारी परराष्ट्र धोरण ठरवत नाही. तो नुकसानीचा खरा अहवाल वेळेवर पाठवू शकतो, खरेदी केंद्रांतील गैरप्रकार रोखू शकतो, मदतीच्या यादीतून वगळलेल्यांना शोधू शकतो. वरिष्ठांचे निर्देश सर्वसाधारणपणे लेखी असावेत आणि तोंडी निर्देशांची लेखी पुष्टी घ्यावी, हे अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ मध्ये नमूद आहे. स्पष्ट, लेखी आणि अप्रिय सल्ला देणे, निर्णय कायदेशीर असेल तर तो प्रामाणिकपणे राबवणे आणि बेकायदेशीर आदेशाला नकार देणे, या तीन गोष्टींतील फरक गटात उदाहरणे घेऊन पक्का करावा.

सातवी पायरी : दोन पानांचे टिपण लिहून घ्यावे

चर्चेनंतर त्याच आठवड्यात प्रत्येकाने सचिवांना सादर करायचे असावे तसे टिपण लिहावे. त्यात वस्तुस्थिती, पर्याय, शिफारस आणि तिची कारणे असावीत, आणि शिफारशीनंतरही कोणाचे नुकसान शिल्लक राहते व त्यासाठी काय करता येईल, हा परिच्छेद असलाच पाहिजे. तो नसलेले टिपण परत करावे. विचारवंतांची वचने टिपणात घालू देऊ नयेत. वचने उत्तराला शोभा देतात, पण त्यांच्या आधारावर भाव ठरत नाही आणि पाणीही सुटत नाही. अपवाद एखाद्या तत्त्वाचा करावा, आणि तेही ते शिफारस बदलत असेल तरच. उदाहरणार्थ, सार्वजनिक पाण्यावर व स्थळांवर सर्वांचा समान हक्क या मुद्द्यावर लिहिताना १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा संदर्भ नाशिकच्या उमेदवाराला नेमका वापरता आला पाहिजे.

तपासणी गटातील दुसऱ्या उमेदवाराने करावी आणि गुण देण्याऐवजी समासात प्रश्न लिहावेत : हा आकडा कोठून आला, हा गट का वगळला, हा खर्च कोणी सोसायचा? सर्व टिपणे तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवावीत. सहा महिन्यांनी, धोरण बदललेले असो वा नसो, ती पुन्हा काढून ज्याचे मत बदलले असेल त्याने त्याच कागदाखाली नवी तारीख घालून बदलाचे कारण लिहावे. कारण नवी माहिती आहे की केवळ गटातील बहुमत, हेही तेथेच नोंदवावे.