जनरेटरला रिमोट मॉनिटरिंग बसवताय? आधी या चुका टाळा

गुरुवारी पुण्यात महावितरणचं मेंटेनन्स असतं, त्यामुळे लाईट जाणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. अशाच एका गुरुवारी एका सोसायटीत लाईट गेली, १२५ केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर) सुरूच झाला नाही, लिफ्टमध्ये एक आजी अडकल्या आणि सेक्रेटरी साहेबांच्या मोबाईलवर मॉनिटरिंगचं ॲप मात्र हिरवंगार, डीजी रेडी. मी पोचलो तेव्हा ते मला तेच दाखवत होते, अहो बघा ना, इथे तर सगळं ओके आहे. नीट बघितलं तर खाली बारीक अक्षरात शेवटच्या अपडेटची वेळ होती, लाईट जायच्या पाच मिनिटं आधीची.

मॉनिटरिंगच्या डिव्हाइसचा अ‍ॅडॅप्टर कुणीतरी पॅनलशेजारच्या साध्या सॉकेटला लावला होता. म्हणजे लाईट गेली की डिव्हाइस पण गेलं, आणि ॲप शेवटचं जे दिसलं तेच दाखवत बसलं. ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीये की आता साईटवर गेल्यावर पहिल्यांदा तेच बघतो. डिव्हाइसला सप्लाय डीजीच्या बॅटरीवरून फ्यूज टाकून घ्या, किंवा त्याला स्वतःची छोटी बॅटरी असू द्या. वायफायवर चालत असेल तर राउटरचा सप्लाय पण बघा, कारण तो बहुतेक सिक्युरिटी केबिनमध्ये मेन्सवरच असतो. आणि ॲपवाल्याला ठणकावून सांगा की दहा मिनिटं डेटा आला नाही तर हिरवं दाखवायचं नाही, लाल करायचं आणि फोन वाजवायचा.

बॅटरीचा आकडा बघून निवांत बसू नका

त्या दिवशी डीजी सुरू न होण्याचं कारण बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड चढलेली, केबलच्या टोकाचा लग हाताने हलत होता. पण ॲपवर महिनोन्‌महिने १३.६ व्होल्ट. कारण चार्जर चालू असताना तुम्ही बॅटरीचं नाही, चार्जरचं व्होल्टेज बघत असता, मेलेली बॅटरी पण १३.६ दाखवते. खरी परीक्षा स्टार्टर फिरतो त्या दोन-तीन सेकंदांत होते. १२ व्होल्टची चांगली बॅटरी तेव्हा साधारण ९-१० पर्यंत खाली येऊन परत वर येते, दमलेली पार ७ च्या खाली बसते. आता ॲप दर पाच मिनिटांनी एकदा रीडिंग घेत असेल तर त्याला ते कधीच दिसणार नाही, म्हणून घेतानाच विचारा की क्रँकिंगचं, म्हणजे स्टार्टर फिरतानाचं, सगळ्यात कमी व्होल्टेज डिव्हाइस स्वतः पकडून ठेवतं का. दर स्टार्टला तो आकडा थोडा थोडा खाली सरकत गेलेला दिसला की बॅटरी बदला, वाट बघू नका.

यूपीएसवाल्यांनी यात तापमान पण धरा. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशाला मोजलेलं असतं आणि वर दर १० अंशाला ते साधारण निम्मं होतं. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बॅटऱ्या ठेवून पाच वर्षं धरायची म्हणजे कठीणच आहे.

सिलेक्टर कुठे आहे?

सर्व्हिसवाला येतो, ऑइल-फिल्टर बदलतो, एएमएफ पॅनलचा (लाईट गेली की डीजी आपोआप सुरू करणारं पॅनल) सिलेक्टर स्विच मॅन्युअलला ठेवून निघून जातो. डीजी एकदम ठणठणीत, पण लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणार नाही. 'ऑटोमध्ये नाही' हा अलार्म बऱ्याच ठिकाणी बंद असतो किंवा जोडलेलाच नसतो, तो आधी चालू करून घ्या.

डिझेल

लोक मॉनिटरिंग घेतात ते निम्म्या वेळा डिझेलसाठीच, चोरी पकडायला, आणि घोळ पण इथेच सगळ्यात जास्त. ९९० लिटरची आडवी गोल टाकी असेल तर पाव उंचीवर पाव डिझेल नसतं, जेमतेम २० टक्के असतं. टाकीचं टेबल (किती उंचीला किती लिटर) न भरता सेन्सर लावला की ॲप २५ म्हणतं, ऑपरेटर डिपस्टिकवर १९ म्हणतो, आणि बिचाऱ्या ऑपरेटरवर संशय. माझी विनंती आहे, कुणावर आळ घ्यायच्या आधी टाकी २०-२० लिटरने भरून कॅलिब्रेशन करा. चालू डीजीवर लेव्हल हलते, तो आकडा सरासरीनेच घ्या. डीजी बंद असताना लेव्हल एकदम पडली तरच चौकशी करा.

आकडे वेडेवाकडे येत असतील तर डिव्हाइस बदलायची घाई नको. आरएस-४८५ ची (डीजीच्या कंट्रोलरपासून डिव्हाइसपर्यंतची डेटा लाईन) ए-बी वायर उलटी, दोन कंट्रोलरना एकच आयडी, पॉवर केबलला चिकटून ओढलेली सिग्नल वायर, लांब लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर नाही, यातलंच काहीतरी निघतं. १३.६ च्या जागी १३६ दिसलं तर फक्त स्केलिंग (आकड्याला कितीने भागायचं ते सेटिंग) चुकलंय. आणि डीजी बेसमेंटमध्ये असेल तर अँटेना वर काढा, लोखंडी पॅनलच्या आत ठेवून रेंज येत नाही म्हणणारे रोज भेटतात.

घेताना काय विचारायचं

बाजारात स्वस्तात डिव्हाइस देणारे खूप आहेत, पैसा पुढे वर्षाच्या सबस्क्रिप्शनमध्ये असतो. तेव्हा हे विचारा: सबस्क्रिप्शन थांबवलं तर जुना डेटा मिळणार का, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला हेच डिव्हाइस जोडता येईल का, सिम कुणाच्या नावावर आणि रिचार्ज कोण करणार. फक्त २जी वर चालणारं डिव्हाइस घेऊ नका, जिओचं तर २जी नेटवर्कच नाहीये.

रिमोट स्टार्टचं मात्र मी कळकळीने सांगतो. मेकॅनिकचा हात बेल्टजवळ असताना कुणी घरी बसून स्टार्ट दाबलं तर? काम करताना आधी इमर्जन्सी स्टॉप दाबायचा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढायची, हे पॅनलवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. पासवर्ड पण बदला, कंपनीतून आलेला १२३४ तसाच असतो.

अलर्ट सगळ्यांना पाठवू नका. चाळीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लो फ्युएल' पडतं आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली जातं. तीन-चारच अलार्म फोन करून उठवतील असे ठेवा: स्टार्ट फेल, ऑटोमध्ये नाही, बॅटरी, संपर्क तुटला. तो फोन दिवसा कुणी घ्यायचा, रात्री कुणी, हे नावानिशी ठरवा.

मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड गेलं, काही भागात लाईट यायला संध्याकाळ झाली. जिथे रोज लाईट जाते तिथला डीजी आपोआप तपासला जातो, जिथे वर्षभर जात नाही तिथे मुद्दाम तपासावा लागतो. दर आठवड्याला दहा मिनिटं नुसता रिकामा फिरवून भागत नाही, कमी लोडवर डिझेल इंजिन काजळी धरतं. अमेरिकेचं एनएफपीए ११० हे बॅकअप पॉवरचं स्टँडर्ड महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटं, ३० टक्के लोडवर चालवायला सांगतं, ते आपण पण पाळू शकतो. सोसायटीत आधी नोटीस लावा, लिफ्ट रिकामी करा, मग मेन ब्रेकर खाली पाडा आणि मोबाईल हातात घेऊन पॅनलसमोर उभे रहा. किती सेकंदात डीजीने लोड घेतला आणि ॲपवर ते किती सेकंदात दिसलं, दोन्ही आकडे वहीत लिहा, पुढच्या महिन्यात त्यांच्याशीच ताडून बघायचंय.