आंदोलनाचा व्हिडिओ कोर्टात टिकेल असा कसा जपावा

बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ मराठी माणसांची १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची सायकल फेरी निघते तेव्हा जिकडेतिकडे फोन उंचावलेले असतात. पुढे कुणावर गुन्हा दाखल होतो, वकील मूळ क्लिप मागतात आणि प्रत्येकाकडे निघतो तो व्हॉट्सॲपवर फिरून आलेला पुसट तुकडा. मूळ पोस्ट तोवर ‘भारतात उपलब्ध नाही’ झालेली असते. अशा वेळी ‘स्क्रीनशॉट काढून ठेवा की’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर पोस्टची पूर्ण लिंक नसते, आणि तो कुणीही बनवू शकतो.

फोनचं अंगठ्याचं आणि चेहऱ्याचं लॉक बंद करून लांब पासवर्ड टाका. शूटिंग सलग करा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कुणाला अडवलं, तर आधी नाक्याची पाटी घ्या आणि मग न थांबता माणसांवर या.

खरं काम घरी आल्यावर असतं, आणि मलाही सगळ्यात जड गेलं ते हेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे पाकिटावरची लाख. एसएचए-२५६ पद्धतीने फाइलवरून ६४ अक्षर-आकड्यांची ओळ तयार होते. नाव बदललं तरी ती तीच राहते, पण क्लिप अर्धा सेकंद कापली की पूर्ण बदलते. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. ट्रिम, फिल्टर, गाणं, मथळा, जे करायचं ते प्रतीवर करा. फेरीतल्या बायामाणसांचे, पोरांचे चेहरे पुसट करायचे तेही प्रतीवरच, आणि ते कराच. प्रसिद्ध झालेल्या क्लिपमधून माणसं हुडकली जातात.

फाइल केबलने कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सॲपने पाठवायचीच वेळ आली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाते आणि हॅश वेगळी येते. कॉम्प्युटरवर सेव्हन-झिप हा फाइली दाबायचा प्रोग्राम असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’ मेनूत एसएचए-२५६ निवडा. ती ओळ, फाइलचं नाव, फोनचं मॉडेल आणि *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, त्याच रात्री कागदावर उतरवा. उद्यावर ढकलू नका.

प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. भाग ‘अ’वर सही करायची ती ज्याच्या ताब्यातल्या फोनवर शूट झालं त्याने. ग्रुप ॲडमिनने किंवा समितीच्या अध्यक्षांनी ‘आमच्याकडे आली होती’ म्हणून सही केली की उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला सगळं ढासळतं. भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. तज्ज्ञ कोण, हे वकिलांशी आधीच ठरवा. तारखेच्या आदल्या दिवशी कुणी सापडत नाही. प्रमाणपत्राला पर्याय नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखाली जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात सांगितलं. खुद्द मालक साक्षीला उभा राहून मूळ फोनच हजर करत असेल तर गोष्ट वेगळी, असंही तिथेच म्हटलं. म्हणून तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

पोलिसांनी फोन जप्त केला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या) कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण व्हायलाच हवं, ते मागा. पंचनामा कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी ओळ न् ओळ समजून घ्या.

पोस्ट उडाली तर कंपनीचा मेल जसाच्या तसा जपा. तो कंपनीच्या स्वतःच्या नियमांवर बोट ठेवत असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा आणि त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे. सरकारी आदेशाचा, म्हणजे मजकूर बंद करायला लावणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा उल्लेख असेल तर त्या वाटेवर दिवस घालवू नका. हे कलम वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटलंय की कारणं लेखी नोंदवावी लागतात, ती रिट याचिकेत आव्हान देता यावं म्हणून. आपल्यासाठी ती रिट कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात. बाकी सरकारी कचेऱ्यांतल्या तक्रारी मराठीत लिहा. घटनेचं कलम ३५० तो हक्क देतं. कारकून ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणाला तर कलमाचा आकडा अर्जाच्या पहिल्या ओळीत घाला आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.