बोनससाठी बँक खाती उघडताय? मग या चुका टाळा

अमेरिकेत नव्या ग्राहकाला चेकिंग खाते, म्हणजे रोजच्या व्यवहाराचे खाते, उघडल्याबद्दल २००, ३००, कधी त्याहूनही अधिक डॉलर देणाऱ्या बँका बऱ्याच आहेत, आणि त्या पैशासाठी वर्षाला चार-पाच खाती उघडणारी माणसेही आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. मी स्वतः काही वर्षे हा उद्योग करत आलो आहे, त्यामुळे ‘बोनस आलाच नाही’ ही तक्रार घेऊन ओळखीपाळखीची मंडळी माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा त्यांच्या तक्रारीचे उत्तर अटींच्या त्याच पानावर सापडते, जे त्यांनी उघडलेलेच नसते. १९९१ च्या ट्रुथ इन सेव्हिंग्ज कायद्याखालच्या नियमांनुसार बोनस किती, तो केव्हा मिळणार, त्यासाठी किती शिल्लक किती काळ ठेवायची, हे बँकेला लेखी सांगावेच लागते. बँक ते सांगते. आपण अंगठ्याने पान खाली सरकवून ‘मान्य आहे’ वर टिचकी मारतो.

डायरेक्ट डिपॉझिट म्हणजे स्वतःच स्वतःला पाठवलेले पैसे नव्हेत

चेकिंग खात्याच्या बोनसमध्ये सहसा डायरेक्ट डिपॉझिटची अट असते, आणि सर्वांत जास्त बोनस याच दोन शब्दांवर बुडतात. पगार, निवृत्तिवेतन किंवा सरकारी लाभाची रक्कम देणाऱ्याकडून थेट आपल्या खात्यात जमा होणे, हा त्याचा अर्थ आहे. आपल्याच दुसऱ्या खात्यातून वळवलेली रक्कम, मित्राने झेल (Zelle) या पैसे पाठवण्याच्या सेवेने पाठवलेले पैसे, फोनवर फोटो काढून भरलेला चेक, यांतले काहीही त्यात मोजले जात नाही.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. बोनससाठी उघडलेल्या माझ्या दुसऱ्याच खात्याची अट ९० दिवसांत १,००० डॉलरच्या डायरेक्ट डिपॉझिटची होती. कंपनीच्या पेरोल विभागाला कशाला त्रास द्यायचा, असा विचार करून मी जुन्या खात्यातून १,००० डॉलर पाठवून दिले, कारण अमुक बँकेतून पाठवलेले पैसे समोरच्या बँकेला पगारासारखेच दिसतात, असे एका जाणकाराने मला छातीठोकपणे सांगितले होते. स्टेटमेंटवर आकडा उमटला आणि मी निर्धास्त झालो. ९० दिवस उलटले, वर आणखी एक महिना गेला, तेव्हा कुठे मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी त्या नोंदीपुढचा मजकूर शांतपणे वाचून दाखवला. त्यात माझ्या कंपनीचे नाव नव्हते, पेरोल हा शब्द नव्हता. होते ते माझे नाव आणि माझ्याच दुसऱ्या बँकेचे. “हे पैसे आपणच आपल्याला पाठवलेले दिसतात,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यावर हो म्हणण्याखेरीज माझ्याकडे काही नव्हते. मुदत संपली होती आणि त्या बँकेच्या लेखी मी आता नवा ग्राहकही राहिलो नव्हतो, म्हणजे पुढची संधीही त्यातच गेली.

अशा युक्त्या कधी कधी चालतात, हे मी नाकारत नाही. बँकेची यंत्रणा नोंदीचा प्रकार पाहून निर्णय घेते आणि काही वेळा तिची फसगत होते. परंतु ती यंत्रणा केव्हा बदलली हे बँक कोणाला कळवत नाही, आणि गेल्या महिन्यात दुसऱ्या कोणाचे जमले म्हणून स्वतःचे ३०० डॉलर पणाला लावणे मला पटत नाही. ज्यांच्या कंपनीत पगार दोन खात्यांत विभागण्याची सोय आहे, त्यांना तर या युक्त्यांची गरजच नाही. खाते क्रमांक हातात आला त्याच दिवशी मी पेरोलच्या संकेतस्थळावर ठरावीक रक्कम नव्या खात्याकडे वळवतो, कारण बदल लागू व्हायला एक-दोन पगार जाऊ शकतात. काही ठिकाणी तर आधी शून्य रकमेची चाचणी नोंद पाठवली जाते आणि ती बिनबोभाट पार पडल्यावरच खरा पगार निघतो. नऊ अंकी राउटिंग क्रमांक, म्हणजे बँकेची ओळख सांगणारा क्रमांक, मी नेहमी बँकेनेच दिलेल्या अर्जावरून उतरवून घेतो, कारण काही मोठ्या बँकांचे हे क्रमांक राज्यागणिक वेगळे असतात आणि इंटरनेटवर शोधून सापडलेला पहिला क्रमांक वायर ट्रान्सफरचा निघू शकतो. रक्कम एकाच वेळी यायला हवी की सर्व जमा मिळून चालेल, हेही अटींतच असते. मी अटीपेक्षा २० डॉलर जास्तच पाठवतो. याला शास्त्र काही नाही, सवय आहे.

बोनस मिळाला म्हणून खात्याकडे पाठ फिरवू नका

उत्साहाच्या भरात केलेली दुसरी मोठी चूक म्हणजे एका दमात पुष्कळ खाती उघडून ठेवणे. आमच्या कार्यालयातल्या एका तरुणाने एका शनिवार-रविवारी पाच खाती उघडली आणि सोमवारी मला तो पराक्रम सांगितला. मी त्याला खात्यांची वही ठेवायला सांगितले, तर तो म्हणाला की सगळे फोनमध्ये आहे. सगळे फोनमध्ये होतेही, फक्त ते पाहणारे कोणी नव्हते.

त्या पाचांपैकी एका खात्याचे मासिक शुल्क १२ डॉलर होते आणि दरमहा पगार जमा होत असेल तर ते माफ होते. बोनस आला, त्याने २५ डॉलर ठेवून बाकी पैसे काढले आणि पगार पुढच्या बँकेकडे वळवला. पगार थांबला तशी माफीही थांबली. पहिल्या महिन्यात शिल्लक १३ डॉलर झाली, दुसऱ्यात १, तिसऱ्यात ती शून्याखाली ११ वर गेली, चौथ्यात २३, पाचव्यात ३५. मधल्या काळात त्याने घर बदलले होते आणि या बँकेला पत्ता कळवायचा राहून गेला होता, त्यामुळे बँकेची पत्रे जुन्या दारात पडत राहिली. शेवटी बँकेने थकबाकी बुडीत धरून खाते बंद केले आणि तशी नोंद चेक्ससिस्टम्सकडे पाठवली.

चेक्ससिस्टम्सचे नाव नवख्यांना ठाऊक नसते. कर्जासाठी जसा क्रेडिट रिपोर्ट असतो, तशीच ही बँक खात्यांबद्दलची नोंदवही आहे. नवे खाते देण्यापूर्वी अनेक बँका ती उघडून पाहतात आणि सक्तीने बंद केलेल्या खात्याची नोंद तिथे साधारणपणे पाच वर्षे राहते. अलीकडे किती बँकांनी आपली चौकशी केली हेही त्यात दिसते, म्हणून थोड्या दिवसांत खूप खाती उघडणाऱ्याला काही बँका निव्वळ त्या संख्येवरून नकार देतात. त्या मुलाला पुढच्या दोन बँकांनी नाकारले, आणि कारण विचारल्यावर ३५ डॉलरचे हे प्रकरण बाहेर आले. त्याने पैसे भरले, फेडल्याची नोंदही करून घेतली, पण नोंद फेडलेली असली तरी ती नोंदच असते. आपला अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मागवता येतो. मी तो दर जानेवारीत मागवतो.

माझी वही साधी दोनशे पानी आहे. प्रत्येक खात्याला एक पान, त्यावर उघडल्याची तारीख, बोनसच्या मुदतीचा शेवटचा दिवस, मासिक शुल्क, ते माफ होण्याची अट, आणि लाल शाईत ज्या दिवसाआधी खाते बंद करायचे नाही तो दिवस. हा शेवटचा रकाना अधीर माणसांसाठी आहे. अनेक बँका खाते ९० किंवा १८० दिवसांच्या आत बंद केल्यास बोनस परत कापून घेतात. शुल्क चुकवण्याचा दुसरा मार्ग नसेल, तर मी तितक्या महिन्यांचे शुल्क खात्यात ठेवून देतो आणि तो खर्च बोनसमधून आधीच वजा धरतो. आणि एका वेळी दोनच खाती. तीन सांभाळता येतात असे मलाही एकदा वाटले होते.

३०० डॉलर म्हणजे हातात ३०० नव्हेत

बँक खात्याचा बोनस आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, दृष्टीने व्याज आहे आणि बँक तो १०९९-आयएनटी या फॉर्मवर दाखवते. क्रेडिट कार्डावर खर्च करून मिळालेला बोनस सामान्यतः सवलत समजला जातो व त्यावर कर लागत नाही. दोन्हींची गल्लत करणारे पुष्कळ आहेत. तुमच्या उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर संघीय कर २२ टक्के असेल, तर ३०० मधले ६६ डॉलर तिथेच गेले, आणि राज्याचा कर वेगळा. फॉर्म आला नाही म्हणून उत्पन्न दाखवायचे नाही, हा शहाणपणा करू नका.

सेव्हिंग्ज खात्याच्या बोनसमध्ये आणखी एक गणित लपलेले असते. १५,००० डॉलर ९० दिवस ठेवा आणि २०० डॉलर मिळवा, अशी योजना असेल आणि ती बँक व्याज नावापुरतेच देत असेल, तर तेच पैसे ४ टक्के देणाऱ्या खात्यात राहिले असते तर सुमारे १४८ डॉलर मिळालेच असते. म्हणजे खरी कमाई ५२ डॉलरची, तीही करापूर्वी. शिवाय हे पैसे त्या बँकेबाहेरून आलेले असावेत, अशी अट बहुधा असते.

काही छोट्या, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

खात्यात पहिली रक्कम क्रेडिट कार्डाने भरायची सोय दिसली की हात थांबवा. कार्ड कंपनीने तो व्यवहार रोख उचल धरला, तर शुल्कही लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

बहुतेक बँका खाते उघडताना क्रेडिट रिपोर्टला धक्का लावत नाहीत, पण काही क्रेडिट युनियन, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या पतसंस्था, पूर्ण चौकशी करतात आणि ती दोन वर्षे रिपोर्टवर दिसते.

घराच्या कर्जाची तयारी चालू असेल तर हा उद्योग पूर्ण बंद ठेवा. कर्ज देणारे साधारण दोन महिन्यांची स्टेटमेंट मागतात आणि इकडून तिकडे फिरलेल्या प्रत्येक मोठ्या रकमेचा खुलासा लिहून देण्यात तुमची संध्याकाळ जाईल.

टपालाने आलेला बोनसचा कोड दुसऱ्याच्या नावाचा असेल तर वापरू नका, आणि ‘नवा ग्राहक’ कोणाला म्हणायचे ते प्रत्येक बँकेच्या अटींत नव्याने वाचा.

खाते बंद करतानाही घाई नको

सर्वांत आधी पेरोलमधून तो खाते क्रमांक काढा, एक पूर्ण पगार दुसरीकडे जमा झालेला डोळ्यांनी पाहा आणि मगच बँकेला कळवा. बंद खात्याकडे गेलेला पगार परत फिरतो, कंपनीकडे जातो आणि तिथून पुन्हा निघेपर्यंत घरभाड्याची तारीख कोणासाठी थांबत नाही. सर्व स्टेटमेंट आधीच उतरवून घ्या, कारण खाते बंद झाल्यावर ऑनलाइन प्रवेशही बंद होऊ शकतो; कराचा फॉर्म मात्र पुढच्या वर्षी नोंदवलेल्या पत्त्यावरच येतो, म्हणून पत्ता बरोबर असल्याची खात्री करा. खाते बंद झाल्याचे लेखी मागून घ्या, आणि महिन्याचे व्याज जमा झाल्यानंतरचा दिवस निवडा. मी एकदा हे पाळले नाही. शिल्लक शून्यावर आणून खाते बंद करायला सांगितले आणि नंतर तीन सेंट व्याज येऊन पडले, त्यामुळे बँकेला ते चेकने पाठवावे लागले. चेकवरच्या रकमेपेक्षा पाकिटावरचे तिकीट महाग होते. तो चेक मी वटवला, कारण न वटवलेला चेक बँकेच्या हिशेबात देणे म्हणून उभा राहतो आणि काही वर्षांनी बेवारस मालमत्ता म्हणून राज्य सरकारकडे जातो, आणि तीन सेंटसाठी सरकारचा अर्ज भरण्याची माझी तयारी नव्हती.