ऑफिसचा संगणक घरून वापरायचाय? आधी फायरवॉलचे नियम नीट लावा

२०१५च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी नाशकात गाडी घालणं म्हणजे दिव्य होतं. २०२७ मध्ये वेगळं काही होणार नाही, आणि जीएसटीच्या मासिक ३बी रिटर्नची २० तारीख पर्वणी बघून ठरत नाही. त्यामुळे अंबडच्या ऑफिसातलं टॅली नाशिकरोडच्या घरून उघडायची सोय आधीच करून ठेवलेली बरी.

ऑफिसच्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती हवी. होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून हा संगणक चालवायच्या विंडोजच्या सोयीने, बाहेरून शिरता येत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप असं जाऊन ते चालू करा. फायरवॉलमधले, म्हणजे कोणती जोडणी आत घ्यायची ते ठरवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यातले, तयार नियम त्यासोबत आपोआप सुरू होतात.

खरा घोळ इथून पुढे. 'राऊटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करा, झालं काम,' असं कोणीतरी सांगतं, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं दार (पोर्ट) इंटरनेटवरून थेट ऑफिसच्या संगणकापर्यंत उघडायचं, आणि ते चालतंही. अशाच एका ऑफिसात मी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांगच रांग. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. 'ॲडमिनिस्ट्रेटर' या नावावर कोणीतरी रात्रभर पासवर्ड लावून बघत होतं. पोर्टचा नंबर बदलून फारसा फरक पडत नाही, स्कॅन करणारे तोही हुडकतात. २०१९ मधल्या ब्लूकीप त्रुटीत तर जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवायच शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टला मोडीत निघालेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली.

म्हणून ३३८९ बाहेर उघडूच नका. राऊटरवर वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे घर ते ऑफिस असा इंटरनेटमधला खासगी, कुलूपबंद रस्ता, बसवा आणि बाहेरच्या बाजूने फक्त त्याचं पोर्ट उघडा, सहसा यूडीपी ५१८२०. राऊटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर बाहेरून तिथवर पोचता येणार नाही. ब्रॉडबँडवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा इंटरनेट पत्ता, मागा.

आता ऑफिसच्या संगणकावर 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' उघडा. इनबाउंड रूल्समध्ये (आत येणाऱ्या जोडण्यांचे नियम) 'रिमोट डेस्कटॉप - यूजर मोड' नावाचे दोन नियम दिसतील, एक टीसीपीचा, एक यूडीपीचा (डेटा पाठवायच्या दोन पद्धती). प्रत्येकावर डबल क्लिक करून स्कोप टॅबमध्ये रिमोट आयपीखाली तुमच्या व्हीपीएनचे पत्ते भरा, समजा १०.८.०.०/२४ (म्हणजे १०.८.०ने सुरू होणारे सगळे). घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता तिथे घालू नका. तो बदलत राहतो. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये पब्लिकची (अनोळखी, सार्वजनिक नेटवर्कची) खूण काढा. मात्र ऑफिसचं नेटवर्कच विंडोजने पब्लिक धरलं असेल, तर आता नियम लागूच होणार नाही. ते आधी प्रायव्हेट करा.

'बाकी सगळ्यांना बंदी' असा वेगळा ब्लॉक नियम घालायचा मोह होतो. घालू नका. विंडोजमध्ये ब्लॉक हा अलाउवर मात करतो, म्हणजे तुम्हीही बाहेर. तसंही, परवानगी नसलेलं येणं फायरवॉल मुळातच अडवते.

तपासताना लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. व्हीपीएन बंद असताना जोडणी फसली पाहिजे, चालू केल्यावर लागली पाहिजे. बंद असतानाही लागली, तर राऊटरमधलं जुनं फॉरवर्डिंग तसंच राहिलंय आणि स्कोपही नीट लागलेला नाही.

आणि हे सगळं ऑफिसात, त्या संगणकासमोर बसून करा. मी एकदा घरूनच स्कोप बदलायला गेलो, एक आकडा चुकला आणि पडदा काळा झाला. मग भर संध्याकाळी नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीतून थेट अंबड.