फ्रीजवर कोड आला तेव्हा

ऐन पावसाळ्यात आमच्या डबल डोअर फ्रीजच्या डिस्प्लेवर बिघाडाचा कोड लुकलुकायला लागला. वर बर्फ दगडासारखा, खाली मात्र दूध नासतंय. सर्व्हिसवाल्याने फोनवरच निदान केलं, “पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला असणार.” न बघताच!

मॅन्युअल काढलं. त्यात अर्थ होता: फ्रीझरचा पंखा अडकलाय. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, त्यामुळे नेटवरच्या याद्यांवर जाऊ नका, आपल्या मॉडेलचंच मॅन्युअल बघा.

फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये गार करणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते. पंखा तिथली हवा खाली ढकलतो आणि कॉइलवर साचलेला बर्फ हीटर अधूनमधून वितळवतो. आमच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं. दमट हवा आत शिरून बर्फ इतका वाढला की पाती त्याला घासायला लागली. आधी करकर ऐकू यायची ती हीच.

प्लग काढला, सामान शेजारच्या काकूंकडे दिलं, दारं रात्रभर उघडी ठेवली, खाली जुनी चादर. बर्फ सुरीने अजिबात खरवडू नये. गॅसची नळी फुटली तर खेळ खलास. सकाळी कॉम्प्रेसरवरच्या ट्रेतलं पाणी ओतलं. रबर साबणाच्या पाण्याने पुसलं, हेअर ड्रायरने किंचित गरम करून खाचेत बसवलं. दारात कागदाची पट्टी धरून ओढली, घट्ट अडली.

कोड गेला. पुन्हा आलाच तर हीटर किंवा डीफ्रॉस्ट सेन्सर बघावा लागेल, पण ते मल्टिमीटर (वीज तपासायचं यंत्र) असलेल्या मेकॅनिकचं काम. सध्या खालच्या कप्प्यातला थर्मामीटर ४ अंश दाखवतोय.