परदेशातून गावी परतताना: आधी बँक, मग सातबारा

कायमचं परतलात की एनआरई-एनआरओ (अनिवासी भारतीयांची) खाती तशीच चालवू नका. बँकेला कळवून ती रहिवासी खात्यात बदलून घ्या. डॉलर, दिरहम ठेवायचेच असतील तर आरएफसी (रहिवाशांचं परकीय चलनाचं) खातं उघडा.

खरा घोळ शेतीचा. वडील वारले तरी सातबारा त्यांच्याच नावावर राहतो आणि पीककर्ज तिथेच अडतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. कायद्याने मुदत मृत्यूपासून तीन महिन्यांची. नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार (नावबदलाची नोंद) मंजूर करतो. बहिणींची नावं गाळायच्या भानगडीत पडू नका, तिथूनच कोर्टकचेरी सुरू होते.

भावासाठी तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं असेल, तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या.

वावर मक्त्याने (ठराविक रकमेवर कसायला) दिलंय? मग दिवाळीत येऊन ताबा मागू नका, तेव्हा कपाशी वेचणीला आणि तूर फुलोऱ्यात असते. गुढीपाडव्याच्या आधी सांगा, म्हणजे मक्तेदारालाही दुसरं वावर पाहता येतं.