बातूरचा सनराइज ट्रेक: या चुका टाळा (आणि कळसूबाईचा रुबाब घरीच ठेवा)

बाली ट्रिप ठरली की एक मेसेज हमखास येतो, 'दादा, माउंट बातूरचा सनराइज ट्रेक घेतोय, कळसूबाई नाइट ट्रेक केलाय, जमेल ना?' जमेल रे. कळसूबाई 1646 मीटर, बातूर हा ज्वालामुखी 1717 मीटर, आणि तिथे गाडीच तुम्हाला हजार मीटरच्या वर नेऊन सोडते, म्हणजे चढाई सहाशे-सातशे मीटरची, दोनेक तासांचं काम. न जमलेले लोक मी फार कमी पाहिलेत. पण वर पोचूनही सकाळ वाया घालवलेले मात्र ढिगाने पाहिलेत, आणि बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच, गडबड. मी अधूनमधून आपल्याकडचे ग्रुप घेऊन जातो, दरवेळी त्याच चुका, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

धावत चढणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

चारच्या सुमाराला पायथ्यापासून निघतात. पहिला अर्धा-पाऊण तास रस्ता सोपा, शेतांच्या कडेने, झाडीतून, आणि तिथेच आपले वीर सुटतात. पुढच्या ग्रुपला ओव्हरटेक, त्याच्या पुढच्यालाही ओव्हरटेक. गाइड मागून 'पेलान, पेलान' म्हणत असतो, म्हणजे हळू चला, पण ऐकतो कोण.

एका ग्रुपमध्ये पुण्याचा एक पोरगा होता, आयटीतला, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेला, म्हणजे खरंच दमदार गडी. अंगात कॉटनचा टी-शर्ट, त्यावर नवाकोरा हुडी, तोही कॉटनचाच. निघाल्यापासून हुडी अंगातच, कारण 'थंडी आहे ना दादा'. गडी पाचला वर. सूर्य सव्वासहाला. आता हिशोब करा, समुद्राजवळ रात्री तेवीस-चोवीस अंश असतं आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होत जातं, म्हणजे वर बारा-तेरा, त्यात वारा, आणि हा घामाने आतून-बाहेरून चिंब. भिजलेलं कॉटन वाळत नाही, अंगाला चिकटून राहतं आणि ऊब खेचत राहतं. पहिली दहा मिनिटं सेल्फी, मग दात वाजायला लागले, मग ओठ निळे. शेवटी गाइडने त्याला वरच्या टपरीत नेऊन चुलीपाशी बसवलं, हातात गरम चहा दिला, आणि बाहेर शेजारच्या लोम्बोक बेटावरच्या रिंजानी डोंगराच्या बाजूला आभाळ लाल होत असताना हा पठ्ठ्या पाठ चुलीकडे करून बसलेला. फोटो दुसऱ्यांकडून मागून घेतले त्याने.

त्याच ग्रुपमध्ये साठीला टेकलेल्या एक काकू होत्या, काठी टेकत टेकत, गाइडच्या मागे पावलावर पाऊल ठेवून आल्या, सूर्य यायच्या थोडंच आधी पोचल्या, अंग कोरडं, पिशवीतून शाल काढली, निवांत बसल्या. मला विचाराल तर त्या दिवशीचा बेस्ट ट्रेकर काकूच.

माझी सवय सांगतो. निघताना मला थोडी थंडी वाजायलाच हवी, पायथ्याशी उबदार वाटत असेल तर मी एक कपडा जास्त घातलाय. चढताना एकच पातळ ड्रायफिटचा टी-शर्ट. जाड जॅकेट आणि दुसरा कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये, आणि वर पोचल्या पोचल्या, फोटोच्याही आधी, ओला शर्ट काढून कोरडा चढवायचा. लाज वाटत असेल तर अंधार आहे, कोण बघतंय. आणि स्पीड असा की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. सूर्याच्या अर्धा तास आधी पोचलात तरी खूप झालं, बाली विषुववृत्ताच्या इतकी जवळ आहे की सूर्योदयाची वेळ वर्षभर फार हलत नाही, सहाच्या आसपास, जुलैत साडेसहाच्या थोडं पुढे. सगळं आधीपासून ठरलेलं असताना पळायचं कशाला?

लँड झाल्या रात्रीच बुकिंग

करू नका. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. उबुदमधून पिकअप साधारण दोनला, म्हणजे तुमच्या शरीराच्या हिशोबाने रात्रीचे साडेअकरा, ना झोप झालेली ना जाग आलेली. कुटा-सेमिन्याकला राहत असाल तर त्याच्याही आधी उठा. दोन रात्री जाऊ द्या, आणि आदल्या संध्याकाळी बीच क्लबला बिन्तांग बिअरच्या बाटल्या मोजत बसू नका. ज्यांनी मोजल्या त्यांनी पहिल्या चढावरच परत केल्या.

उतरताना बेफिकीर होणे

लोक चढाईला घाबरतात आणि उतरताना पडतात. बातूरवरची जवळजवळ सगळी पडापडी मी उतारावरच पाहिली आहे.

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, दाबून-आवळून बसलेला बेसॉल्ट, त्यात कोरलेल्या पायऱ्या, नाहीतर निदान धरायला एखादी कारवी. बातूर कालचं पोर आहे, 1917, 1926, 1963 असे मोठे उद्रेक झालेले आणि 2000 सालापर्यंत धुमसत होतं, त्यामुळे वरच्या भागात सगळी काळी वाळू आणि सुटी खडी. पाऊल टाकलं की खालचा थरच सरकतो. चढताना अंधार असतो, नजर टॉर्चच्या उजेडापुरती, म्हणून उतार केवढा आहे ते कळतच नाही. सकाळी उजेडात खाली बघितलं की मग चेहरे बदलतात.

एकदा एक जोडपं होतं. नवरा रोज जिम, बायको रोज वॉक, दोघांचेही बूट महागडे पण जॉगिंगचे, तळवे झिजून गुळगुळीत झालेले. नाश्ता झाला, नऊच्या आत हॉटेलला पोचून ब्रेकफास्ट बुफे गाठायचा होता म्हणून घाई (नाश्ता झाल्यावर परत नाश्ता, असो). नवरा पुढे, बायको बरोबर त्याच्या मागे, हातभर अंतरावर. तिचा पाय सरकला, ती बसली ती थेट त्याच्या पोटऱ्यांवर, दोघं मिळून घसरत गेले, तळहात सोलवटले, त्याचा घोटा मुरगळला आणि उरलेली बाली ट्रिप स्विमिंग पूलच्या कडेला पाय वर करून. बुफे अर्थातच हुकला.

तर उतरताना मी काय करतो. निघायच्या आधी बुटांची लेस सोडून परत बांधतो, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे पाय पुढे सरकून अंगठ्याची नखं बुटावर आपटत नाहीत. नखं ट्रिपच्या आधीच कापलेली. जुन्या मोज्यांचे पंजे कापून उरलेली नळी बुटाच्या तोंडावर ओढून घेतो, खडी आत जात नाही, लोक हसतात आणि मग तेच लोक दर पन्नास पावलांवर बूट झटकत बसतात. गुडघे किंचित वाकवलेले, सुट्या खडीत टाच आधी रुतवायची, पावलं छोटी. मागे रेलून घाबरत घाबरत उतरलात की पाय पुढे सुटलाच म्हणून समजा. आणि समोरच्याच्या बरोबर मागे कधीही नाही, चार-पाच पावलं अंतर, शक्य असेल तर थोडं बाजूला. बसून घसरत उतरण्याचा शॉर्टकट मारणाऱ्यांना एवढंच सांगतो, ती वाळू नाही, सँडपेपर आहे, पँटीचं काय होतं ते स्वतः बघा.

सूर्य दिसला की लगेच खाली

काय घाई असते कळत नाही. खरी मजा त्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात आहे. उजेड खाली कॅल्डेरात, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या मोठ्या खळग्यात, उतरतो, तळं चमकायला लागतं, समोर अबांग, त्याच्या मागे 3000 मीटरच्या वरचा अगुंग, आणि एका बाजूला 1963 च्या लाव्हाचा काळा पट्टा जमिनीवर पसरलेला दिसतो. 1926 मध्ये अशाच लाव्हाखाली पायथ्याचं बातूर गाव आणि तिथलं देऊळ गेलं, मग लोकांनी देऊळ वर कड्यावर नेलं, तेच आजचं पुरा उलुन दानु बातूर. गाइडला ब्ली (तिकडचं 'दादा') म्हणून हाक मारा, चार प्रश्न विचारा, हे सगळं तो बोट दाखवून सांगतो. वाफेच्या भेगांमध्ये अंडी शिजवून देतात तेही याच वेळात. शाकाहारी किंवा जैन असाल तर बुकिंग करतानाच सांगा, किंवा सरळ आपले ठेपले न्या.

ढग असेल तर? नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, तेव्हा ढग असणारच, एप्रिल ते ऑक्टोबर बरा. पण ढग असला तरी थांबा, वाऱ्याने पाच मिनिटांत पडदा बाजूला होतो कधीकधी. गाइडवर ओरडून ढग हटत नाही. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

बाकीच्या, पटापट

गाइड न घेता जाणे. तिथे स्थानिक गाइड घ्यावाच लागतो, 'ऑफलाइन मॅप आहे माझ्याकडे' म्हणून वाद घालणाऱ्यांनी पायथ्याशीच सूर्योदय बघितलेला आहे.

मोबाइलचा टॉर्च. एक हात अडकतो, पडलात की मोबाइलच आधी फुटतो. हेडलॅम्प घ्या, आणि बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका.

ज्वालामुखीची लेवल न बघणे. इंडोनेशियात सरकारी खातं धोक्याची एक ते चार लेवल जाहीर करतं (चार सगळ्यात वाईट), आदल्या दिवशी बघायला दोन मिनिटं लागतात. सुमात्रातला मारापी ज्वालामुखी 3 डिसेंबर 2023 ला फुटला तेव्हा लेवल दोनवर होता, वर ट्रेकर होते, वीसपेक्षा जास्त लोक गेले. 'दोन म्हणजे चालतंय' असं म्हणणाऱ्यांबरोबर मी जात नाही. वर गेल्यावरसुद्धा दोरी लावलेली असेल तर दोरीच्या अलीकडे, फोटो कितीही भारी येत असला तरी.

माकडं. वर भरपूर आहेत आणि प्लास्टिक पिशवीचा आवाज ओळखतात. खाणं सॅकमध्ये, चेन बंद.

सुट्टे रुपियाह न नेणे. वर चहा-कॉफी मिळते, कार्ड चालत नाही, आपलं यूपीआय तर नाहीच नाही.

जीपने जाऊन 'बातूर सर केला' टाकणे. गुडघे दुखत असतील तर जीप उत्तम, आई-बाबांना मी स्वतः जीपनेच पाठवीन, पण जीप माथ्यावर जात नाही, खालच्या उतारावरच्या पॉइंटला जाते, कॅप्शन जरा जपून.

आणि बातूर झाला म्हणून लगेच जावातला इजेन ज्वालामुखी जोडणार असाल, जळत्या गंधकाची निळी ज्योत बघायला, तर दोन गोष्टी. जावाचं घड्याळ बालीपेक्षा एक तास मागे आहे, फेरी उतरली की फोनमधली वेळ बदलते, त्यामुळे ड्रायव्हरला विचारा 'जावाचे किती वाजता', नाहीतर एक तास आधी तरी पोचाल किंवा उशिरा तरी, आणि उजाडलं की ती ज्योत दिसत नाही. दुसरं, तिथे गंधकाचा धूर असतो, कोविडचा उरलेला कापडी मास्क घालून उतरू नका, फिल्टरवाला गॅस मास्क तिथेच भाड्याने मिळतो, तो घ्या आणि लावायच्या आधी आतून पुसा. दमा असेल तर क्रेटरमध्ये उतरूच नका, कड्यावर थांबा.